हातभर जास्त

सोमवार, १ तारीख

ताईला कुणीतरी समजावून सांगायला हवं, की गाणं म्हणजे पडदा नव्हे. माप घेतलं, कापलं, शिवलं आणि टांगलं, असं ते होत नसतं. मी सांगून दमलो.

झालं असं, की आज ती आणि भावोजी डॉक्टरांकडे जाऊन आले. मानेतली गाठ काढायची ठरली आहे, पंधरा तारखेला. गाठ वाईट नाही म्हणे, पण बसली आहे ती नेमकी आवाजाच्या नसेला खेटून. काढताना त्या नसेला धक्का लागला तर आवाज बदलेल, बसेल, किंवा बोलण्यापुरता उरेल. किंवा काहीच होणार नाही, असंही डॉक्टर म्हणाले. भावोजी तेवढंच एक वाक्य धरून बसलेत. गाठ दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर इतके दिवस कळली नाही.

हे सगळं ताईने मला वर्कशॉपमध्ये सांगितलं, मशीनवर बसून, कुणाच्या तरी पडद्याला चुण्या घालता घालता. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, "गोगल, मला त्याआधी एक नवं गाणं हवंय. शनिवारी तेराला रेकॉर्ड करायचं. कानसेनला फोन केलाय मी."

गोगल म्हणजे मी. गोगलगायीतला. मागचं गाणं लिहायला मला सव्वा वर्ष लागलं, त्याआधीच्याला त्याहून जास्त. आणि ही मला बारा दिवस देते! वर म्हणते कशी, "बारा दिवसांत मी अख्ख्या हॉटेलचे पडदे शिवलेत."

मी म्हटलं, जुनी गाणी आहेत की, त्यातलंच एखादं नीट रेकॉर्ड करू. तर म्हणे, "जुनी झाली माझी म्हणून. नवं हवंय." पुढे काही बोलायची सोयच नाही. तिने मशीन सुरूच केलं.

मंगळवार, २ तारीख

एक ओळ सुचली. संध्याकाळी खोडली.

गुरुवार, ४ तारीख

आज ताईला चाल ऐकवली. शब्द अजून नाहीत, पण चाल मी जीव ओतून बांधली आहे. सुरुवात मध्यात, मग हळूहळू चढत जाते, आणि तिसऱ्या ओळीत वरच्या सा च्याही पलीकडे एक लांबलचक सूर. तिथे ताईचा आवाज जो काही उघडतो, तो मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. उद्या काय होईल कुणी सांगावं? तो सूर एकदा तरी नीट पकडून ठेवायला हवा. हे मी तिला बोललो नाही. फक्त चाल ऐकवली.

शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे गाणं आहे का जिना?"

"म्हणजे?"

"म्हणजे चढायचंच आहे नुसतं. सोपं कर. चार चौघांना म्हणता येईल असं. आणि श्वास घ्यायला जागा ठेव मध्ये, तुला मेल्याला श्वास घ्यायचं कधी सुचतच नाही."

मी कपाळाला हात लावला. चार चौघांना कशाला म्हणता यायला हवंय? म्हणणार ही आहे! आम्ही दोघं जे करतो त्यात वाटण्या पहिल्यापासून ठरलेल्या आहेत. ताई गाते, मी गिटार वाजवतो आणि तिच्या खाली दुसरा आवाज देतो. कॅफेत, लायब्ररीच्या हॉलमध्ये, कुणी बोलावलं तर गच्चीवर. कानसेन याला 'इंडी-फोक' म्हणतो. (त्याचे कान तेज म्हणून कानसेन. रेकॉर्डिंगचं सामान त्याचं, मतंही त्याचीच.) आम्ही याला काहीच म्हणत नाही. दिवसभर पडद्यांचं काम, मी मापं घेणार आणि दांड्या ठोकणार, ती कापणार आणि शिवणार. शटर अर्धं ओढलं की गाणं. एवढ्या वर्षांत मी एकट्याने एक ओळ म्हटलेली नाही आणि कुणाचं अडलेलंही नाही.

शुक्रवार, ५ तारीख

आज पट्टीवरून भांडण. ताईची पट्टी काळी चार. जगजाहीर आहे. मी गरिबाने त्याच पट्टीत नवी, सोपी, अगदी बाळबोध चाल वाजवली. म्हणे, "खाली घे."

काळी तीन केली. "आणखी खाली."

करत करत आम्ही काळी एकवर आलो. काळी एक! ही काय बायकांची पट्टी आहे? तिथे तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मी तसं म्हटलं, तर घशाला हात लावून म्हणाली, "वर गेलं की दुखतं रे."

मी पट्टी तीच ठेवली. मग म्हणाली, "तूच म्हणून दाखव एकदा, मला ऐकून बसवता येईल." म्हणून दाखवलं. "पुन्हा म्हण. ओळीचा शेवट गिळू नकोस." पुन्हा म्हटलं. "पोटातून काढ, नाकातून नको." अरे, मी काय परीक्षेला बसलोय? चाल समजावून सांगणाऱ्याचा आवाज कुणी बघतं का?

आणि गंमत म्हणजे, दुपारी दांड्या घ्यायला परत आलो तर बाईसाहेब मशीन चालवत खुशाल वरच्या पट्टीत गुणगुणत होत्या. मला बघून थांबली. मी विचारलं, "आता नाही का दुखत?" म्हणे, "मशीनच्या आवाजात कळत नाही."

डॉक्टरांना हे सांगायला हवं. भावोजींना म्हटलं तर ते नुसते चष्मा पुसत बसले. ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून त्यांचा चष्मा फार मळतो आहे.

सोमवार, ८ तारीख

आठवडा गेला. शब्दांच्या नावाने शून्य. चाल आहे, पट्टी आहे (म्हणजे नाहीच, पण आहे), शब्दांशी घोडं अडलंय.

सकाळी एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे माप घ्यायला गेलो. बैठकीची मोठी खिडकी, जाड मखमल, रंग वाइनचा. हेडबाई शेजारी उभ्या राहून माझी टेप तिरकी होतेय का ते बघत होत्या. उंची सात फूट दोन. गाडीत बसल्यावर नेहमीप्रमाणे चालीत माप घालून म्हणत आलो. ही आमची जुनी खोड. खरे शब्द सुचेपर्यंत चाल मोकळी राहिली तर विसरते, म्हणून मी तिच्यात त्या दिवशीची मापं कोंबतो. आमच्या प्रत्येक गाण्याच्या पोटात कुणाच्या ना कुणाच्या खिडक्या आहेत.

वर्कशॉपमध्ये ताईला तसंच म्हणून दाखवलं. तिने लगेच उचललं आणि दिवसभर तेच म्हणत काम करत होती. माझ्याहून बरं म्हणत होती, विहिरीतून का होईना.

मंगळवार, ९ तारीख

आज तीन वेळा बसलो. पहिल्यांदा शेजारच्या दुकानात ड्रिल सुरू झालं. दुसऱ्यांदा भावोजी चहा घेऊन आले आणि "चालू दे, चालू दे" म्हणत तिथेच बसले. तिसऱ्यांदा कुणीच नव्हतं, पूर्ण शांतता होती, आणि ते सगळ्यात वाईट.

ताईला सांगितलं की हे जमणार नाही, चाल फार सपाट झाली आहे, त्यात शब्द बसतच नाहीत. ती म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

बुधवार, १० तारीख

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे. डोकं भणभणतंय, तरी लिहितो.

हेडबाईंचे पडदे टांगायला गेलो. दांडी ठोकली, कड्या ओवल्या, पडदा सोडला. तो खिडकी संपली तरी संपेना. खाली आला, जमिनीला टेकला आणि हातभर पुढे पसरला. मी शिडीवर. हेडबाई खाली. दोघंही पडद्याकडे बघतोय.

"हे काय आहे?" हेडबाई म्हणाल्या.

मी टेप काढली. साडेआठ फूट. ताईला फोन केला. "किती कापलास?"

"साडेआठ. तूच सांगितलंस."

"मी सात दोन सांगितलं!"

"अरे, तू आल्या आल्या म्हणून नाही का दाखवलंस?" आणि फोनवर तिने चक्क गाऊन दाखवलं. सा-डे-आठ. आणि मला लख्ख आठवलं. 'सात फूट दोन' त्या ओळीत बसत नव्हतं. एक सूर उरत होता. म्हणून मी गाडीतच त्याचं 'साडेआठ फूट' केलं होतं आणि पुढे विसरून गेलो होतो. हिने मापाची चिठ्ठी बघायची का माझं गाणं ऐकायचं? जगात दुसऱ्या कुठल्या पडदेवाल्याने चालीला बसावा म्हणून पडदा लांब केला असेल?

हेडबाईंना मी खरं ते सांगून टाकलं. खोटं सुचलंच नाही. त्यांनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"पट्टीचे दोन द्यायला हवेत तुला," त्या म्हणाल्या. "पण चूक निदान दुरुस्त होण्यासारखी केलीस. आखूड केला असतास तर कुणाला काही करता आलं नसतं. काढ तो आणि नीट करून आण. पुढच्या आठवड्यात चालेल."

मी पडदे खांद्यावर टाकून खाली आलो. मखमल ओली नसली तरी ओल्या माणसाइतकी जड असते. गाडीत ठेवले, दार लावलं, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो तर शब्द आले. माझ्या आयुष्यात असं कधी झालेलं नाही. एकेक शब्दासाठी मी महिनाभर नाक घासतो, आणि इथे सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी मी म्हणतोच आहे:

माप चुकलं, कापड उरलं,
राहू दे गं उरलेलं.
खिडकीपुरतं कुणाचं असतं
सगळं काही ठरलेलं?

वर्कशॉपला पोहोचेपर्यंत कडवं पूर्ण. ताईशी भांडायला गेलो होतो, ऐकवूनच टाकलं आधी. ती कात्री हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "दुसरं कडवं?" कौतुक नाही, काही नाही. दुसरं कडवं!

गुरुवार, ११ तारीख

मला या गाण्याचा संशय येतो. इतक्या पटकन आलं ते चांगलं कसं असेल? चोरलेलं तर नाही ना, म्हणून दोनदा कानसेनला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "तुझंच आहे. दुसऱ्या कुणाला खिडकीवर गाणं सुचेल?"

दुसरं कडवं आम्ही दोघांनी मिळून केलं, म्हणजे मी केलं आणि ताईने त्यात नाक खुपसलं.

वाऱ्याला का माप विचारलं,
'किती आत तू येणारा?'
हातभर जास्त सोडून ठेव गं,
धरेल कुणी धरणारा.

शेवटच्या दोन ओळी तिच्या. मी म्हटलं, यात 'कुणी' कोण? संदर्भ काय? कुणी पडदा कशाला धरेल? म्हणाली, "तुला नाही कळायचं, तू म्हण." आणि पुन्हा मलाच म्हणायला लावलं. दिवसभरात किती वेळा म्हटलं त्याची गणती नाही. रेकॉर्डिंग तिचं आणि घसा बसला माझा.

शनिवार, १३ तारीख

कानसेन सकाळीच सामान घेऊन आला. स्टुडिओपेक्षा आमचं वर्कशॉप बरं म्हणतो, कारण चहूबाजूंनी कापड, आवाज घुमत नाही. हेडबाईंचे लांब पडदे अजून कापलेले नव्हतेच. ते आम्ही दोरीवर टाकून माइकभोवती एक खोली केली. शेजारच्या ड्रिलवाल्याला भावोजींनी स्वतः जाऊन हात जोडले.

ताई उभी राहिली. मी वाजवायला लागलो. तिने म्हटलं. कुठे चुकली नाही, काही नाही. पण सगळं खाली, दबलेलं, तिच्या आवाजाचा दहावा हिस्साही त्यात नव्हता. पुन्हा घेतलं. तेच. कानसेन हेडफोन लावून मान खाली घालून बसला होता. तो काही बोलत नाही म्हणजे काय ते मला कळतं.

तिसऱ्या वेळी मी मध्येच थांबलो. म्हटलं, "वर घेऊ. काळी चार. एकदाच म्हण. दुखलं तर दुखू दे."

"नको. याच पट्टीत."

आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडलोच. म्हटलं, "हे शेवटचं असेल कदाचित! कळतंय का तुला? सोमवारनंतर काय होणार कुणाला माहीत नाही, आणि तू हे असं, उशीत तोंड खुपसून म्हटल्यासारखं म्हणणार? मला आयुष्यभर हे ऐकायचंय!"

बारा दिवस जे कुणी बोललं नव्हतं ते मी माइक चालू असताना बोललो. भावोजी उठून पडद्याबाहेर गेले.

ताई रागावली नाही. तेच मला सहन होत नव्हतं. ती म्हणाली, "शेवटचं झालं तर माझं होईल. तुझं कशाला? माझा आवाज गेला तर तू काय करणार आहेस, सांग बघू. गिटार माळ्यावर टाकशील आणि नुसता दांड्या ठोकत फिरशील. ओळखते मी तुला."

मी गिटारची खुंटी उगाच पिळली.

"हे गाणं मी म्हणायला मागितलंच नव्हतं, गाढवा. काळी एक कुणाची पट्टी आहे?"

माझी. ती माझी पट्टी आहे. मी मठ्ठासारखा बघत राहिलो. श्वासाच्या जागा माझ्या. सोपी चाल मला झेपावी म्हणून. घसा तिचा दुखत नव्हताच. आठ दिवस माझ्या अंगाचं माप घेत होती बाई, आणि मला पत्ता नाही!

"तू एकेक ओळ खोडत बसशील म्हणून घाई केली," ती म्हणाली. "तुला वेळ दिला असता तर तू जिनाच बांधला असतास. चल, म्हण आता."

मी म्हटलं, मला येणार नाही. ती म्हणाली, येत नाहीच, पण म्हण. पहिल्यांदा माझा आवाज कापला. दुसऱ्यांदा ओळीचा शेवट गिळला, शिव्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा पहिलं कडवं पार झालं. दुसऱ्या कडव्याला ती माझ्या शेजारी माइकला आली आणि तिने वरून दुसरा आवाज धरला. काळी चारहूनही वर, मोकळा, उन्हासारखा. आठ दिवस दाबून ठेवलेला तो आवाज माझ्या डोक्यावरून निघाला आणि माझी बोटं एका तारेवर घसरली. मी गात राहिलो. थांबलो असतो तर रडलो असतो, आणि मग चौथ्यांदा घ्यावं लागलं असतं.

कानसेनने हेडफोन काढले. "तारेची चूक आहे," म्हणाला. "ठेवायची."

सोमवार, १५ तारीख

झालं. चार तास लागले. ठीक आहे म्हणतात. आवाजाचं आताच काही सांगता येत नाही. दोन दिवस एक शब्द बोलायचा नाही.

भावोजींच्या शेजारी बाकावर बसून होतो. त्यांनी माझ्या फोनवर गाणं ऐकलं, एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुझाही आवाज बरा आहे रे." 'ही' लावायची काय गरज होती?

बुधवार, १७ तारीख

ताई उशीला टेकून बसली आहे. गळ्याला पांढरी पट्टी. तोंड बंद, पण डोळ्यांनी सगळ्यांना कामाला लावते. उशी वर, खिडकी उघड, भावोजी घरी जा आणि जेवून या.

मला खूण केली: म्हण.

हॉस्पिटलमध्ये? शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. आजी म्हणाल्या, "म्हण बाबा, इथे दुसरं काय ऐकायला आहे?" मग हळू आवाजात म्हटलं. दुसऱ्या कडव्याला वरचा आवाज नव्हता. त्याची जागा मी मोकळी सोडली आणि खालून चालत राहिलो. ताई डोळे मिटून ऐकत होती. आजींनी टाळ्या वाजवल्या. ताईने वाजवल्या नाहीत.

गुरुवार, १८ तारीख

आज डॉक्टर आले. म्हणाले, आता बोलून बघा, काहीही बोला. नाव सांगा हवं तर.

भावोजींनी खाटेची कड धरली होती. मी पायाशी उभा. ताईने आवंढा गिळला, वेदनेने कपाळाला आठ्या पडल्या. मग तिने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. आवाज आला तो असा, जसं लाकडावरून जाड कानस फिरवावी. फाटका, अर्धा वारा. तिचा नव्हताच तो. पण शब्द स्पष्ट होते.

"दुसऱ्या ओळीत खाली जातोस."

डॉक्टर म्हणाले, छान, छान, आवाज निघतोय, बाकीचं हळूहळू बघू, काही महिने लागतील, गाण्याचं आत्ता बोलू नका. भावोजी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. मी मात्र भांडलो. म्हटलं, नाही जात! काल आजींनी टाळ्या वाजवल्या. ती नुसती बघत राहिली, जसं मी तिरकी टेप धरल्यावर बघते.

मी बाहेर आलो. वॉर्डच्या मागच्या जिन्यात कुणी नव्हतं. तिथे उभं राहून दुसरी ओळ म्हणून पाहिली. एकदा. पुन्हा एकदा, कान देऊन.

जातो.